दारावर नोटीस तरी लावा

ऑगस्ट २०१७ मधली गोष्ट. उंब्रजहून एक निवृत्त सर माझ्या कराडच्या दुकानात आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत राउटर, पावसानं भिजू नये म्हणून वर टॉवेल गुंडाळलेला. "राउटर गेलाय बहुतेक. दोन दिवस झाले, माझं वाचन बंद पडलंय," म्हणाले.

मी राउटर लावून बघितला. दिवे व्यवस्थित, नेटचा वेग व्यवस्थित. बातम्या उघडत होत्या, ईमेल उघडत होता. "तुमचं नेमकं काय उघडत नाही, सर?" तेव्हा त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर पत्ता लिहिला होता: आर्काइव्ह डॉट ऑर्ग. इंटरनेटवरचं ते मोठं मोफत ग्रंथालय आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, बाजारात कधीच न मिळणारी मराठी पुस्तकं तिथं स्कॅन करून ठेवलेली आहेत. सर रोज रात्री जेवण झाल्यावर त्यातलं एखादं पुस्तक दहा-पंधरा पानं वाचायचे आणि वहीत टिपणं काढायचे.

माझ्या दुकानातल्या जोडणीवर ते पान नुसतंच फिरत राहिलं. मग मोबाइलवर, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर लावून पाहिलं. तिथं पांढऱ्या पानावर इंग्रजीत दोन वाक्यं आली. त्यांचा अर्थ असा: भारत सरकारच्या दूरसंचार विभागाकडून आलेल्या निर्देशांनुसार तुम्ही मागितलेला पत्ता बंद करण्यात आला आहे. अधिक माहितीसाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.

सरांनी ते वाचलं आणि मला विचारलं, "हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण? कुठं बसतात?"

वीस वर्षं मी कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. साइट का बंद झाली ते मात्र आम्हाला पुढं पेपरातून कळलं. नवीन हिंदी सिनेमांच्या चोरट्या प्रती नेटवर येऊ नयेत म्हणून निर्माते मद्रास उच्च न्यायालयात गेले होते. त्यांनी अडीच हजारांहून जास्त साइटची यादी दिली, न्यायालयानं त्या बंद करायला सांगितल्या आणि त्या यादीत हे ग्रंथालयही होतं. सर एवढंच म्हणाले, "सिनेमा चोरणाऱ्याला पकडा की. वाचनालयाला कशाला कुलूप?" राउटर पुन्हा टॉवेलात गुंडाळून ते स्टँडकडे गेले. काही दिवसांनी ती साइट सुरू झाली. बंद होताना कुणी सांगितलं नव्हतं, सुरू होतानाही कुणी सांगितलं नाही.

नेटवरचं काहीही, कधीही बंद करू नये, असं माझं म्हणणं नाही. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रं विकणारी साइट बंद झालीच पाहिजे, ताबडतोब झाली पाहिजे, आणि तिचा पत्ता जगाला सांगत बसण्याचीही गरज नाही. माझं भांडण बंदीच्या गुपचूपपणाशी आहे. आमच्या पेठेत नगरपालिका एखादा गाळा सील करते तेव्हा शटरवर नोटीस डकवते. तिच्यावर जावक क्रमांक असतो, तारीख असते, कलम असतं, खाली मुख्याधिकाऱ्यांची सही असते. थकीत कर्जासाठी बँक घराचा ताबा घेते तेव्हा नोटीस दारावर लागते आणि पेपरातही येते. ज्याचं घर गेलं त्याला निदान कुठल्या टेबलावर जाऊन भांडायचं ते कळतं. वेबसाइटला कुलूप घालताना एवढीही तसदी आपलं सरकार घेत नाही. माझा आग्रह असा की ती घेतलीच पाहिजे, आणि जी बंदी कारण लिहून देऊ शकत नाही ती टिकू देता कामा नये.

कायदा काय म्हणतो ते थोडं सविस्तर बघू, कारण खरी गोम तिथं आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्यात २००८ च्या दुरुस्तीनं कलम ६९अ आलं आणि ते ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. देशाचं सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि या संदर्भातल्या दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी रोखणं, एवढ्याच कारणांसाठी केंद्र सरकारला मजकूर बंद करता येतो. कारण लेखी नोंदवावं लागतं. कलम वाचलं तर त्यात फार वावगं वाटत नाही. पण त्याखाली २००९ मध्येच जे नियम केले त्यातला सोळावा नियम सांगतो की आलेल्या विनंत्या, तक्रारी आणि त्यांवर केलेली कारवाई यांबाबत कडक गोपनीयता पाळायची. म्हणजे कारण लिहायचं, पण ते कपाटात ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात याच कायद्यातलं, नेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम ६६अ रद्द केलं. आपल्या पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून २०१२ मध्ये अटक झाली होती, तेच हे कलम. त्याच निकालात ६९अ मात्र कायम राहिलं. ते का राहिलं? तर त्यात लेखी कारणांची अट आहे आणि त्या कारणांना रिट याचिकेत आव्हान देता येतं म्हणून. आता मला सांगा, जो कागद हातातच मिळत नाही त्याला आव्हान कसं द्यायचं?

याच देशात पुस्तकावर बंदी घालायची असेल तर पद्धत वेगळी आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५, आता नव्या संहितेत ९८. राज्य सरकारला राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि तिच्यात कारणं द्यावी लागतात. ज्याचा हितसंबंध आहे अशी कुणीही व्यक्ती दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाऊ शकते आणि तीन न्यायमूर्तींचं खास पीठ ते ऐकतं. शिवाजी महाराजांवर लिहिणाऱ्या एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावर महाराष्ट्र सरकारनं २००४ मध्ये अशीच बंदी घातली. त्या पुस्तकातल्या मजकुरानं माझ्याही मनाला लागलं होतं, आजही लागतं. तरी पुढं काय झालं ते पाहा. अधिसूचना सगळ्यांसमोर होती, लोक न्यायालयात गेले, मुंबई उच्च न्यायालयानं २००७ मध्ये बंदी रद्द केली आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. हे पुस्तक नेमक्या कोणत्या समाजगटांत वैर पेटवणार, हे त्या अधिसूचनेत सांगितलेलंच नव्हतं. कारण उघड्यावर असल्यामुळेच ते अपुरं आहे हे दिसलं. छापील पुस्तकाला हे संरक्षण मिळतं. तेच पुस्तक वेबसाइटवर ठेवलं की ते जातं. हा फरक कोणत्या तत्त्वावर केला आहे, ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आमच्या कराडच्या शेजारीच कृष्णेकाठी टेंभू आहे. आज टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते, पण १८५६ मध्ये गोपाळ गणेश आगरकर जन्मले ते याच गावात. 'केसरी'त कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध मजकूर आला, ज्या पत्रांवर तो आधारला होता ती बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. इंग्रजांचं राज्य होतं, न्याय त्यांच्या सोयीचा होता, हे सगळं मान्य. तरीही आरोप काय, फिर्यादी कोण, कुठल्या मजकुरावर आक्षेप आहे, हे आगरकरांना ठाऊक होतं. खटला उघड कोर्टात चालला. 'केसरी' पुढच्या आठवड्यातही निघत राहिला. मजकूर चुकला तर लिहिणाऱ्याला जाब विचारायचा, त्याला बोलायला जागा द्यायची आणि मग शिक्षा करायची, ही रीत आपण परक्या राजवटीतही पाहिली आहे. स्वतःच्या राज्यात ती सोडून द्यावी असं काय घडलं?

जाब न विचारता कुलूप लावलं की काय होतं, याचं सगळ्यात वाईट वाटणारं उदाहरण हुंड्याच्या साइटचं आहे. एका पत्रकारानं २०११ मध्ये हुंडा मोजणारी एक वेबसाइट काढली. मुलाचं शिक्षण, पगार, रंग, घर अशी माहिती भरली की ती त्याचा 'भाव' सांगायची. लग्नाच्या बाजाराची ती थट्टा होती, आणि थट्टा वाचता येणाऱ्या कुणालाही ते पहिल्याच ओळीत कळत होतं. सरकारनं ती हुंड्याला उत्तेजन देते म्हणून बंद केली. साइट कुणाची हे उघड असताना त्या माणसाला आधी विचारलं नाही, नंतर हुकमाची प्रतही दिली नाही. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की त्याला हुकमाची प्रत द्या आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्या. एकदा, फक्त एकदा त्याला फोन केला असता तर हा घोळ टळला असता. आमच्या भागात आजही लग्नाच्या बैठकीत तोळ्यांवर घासाघीस होते. त्यावर बोट ठेवणारा माणूस सरकारला हुंड्याचा प्रचारक वाटावा, हे मनाला फार लागतं.

चूक एका माणसापुरती राहिली तर एकवेळ समजू शकतो. वेबसाइट बंदीत ती पसरते. ज्यांनी शेतात दारं धरली आहेत त्यांना हे लगेच कळेल. एका शेतकऱ्यानं पाणीपट्टी थकवली म्हणून पाटकऱ्यानं त्याच्या सरीचं दार न पाडता अख्ख्या चारीचंच दार पाडलं, तर खालच्या सगळ्यांचा ऊस वाळतो. २००३ मध्ये मेघालयातल्या एका फुटीर गटाचा याहूवरचा एक ग्रुप बंद करायचा होता, तेव्हा कंपन्यांनी याहूचे सगळेच ग्रुप बंद करून टाकले. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकल गाड्यांतल्या स्फोटांनंतर मोजक्या पानांची यादी निघाली आणि ब्लॉगस्पॉटवरचे लाखो ब्लॉग देशभर दिसेनासे झाले. डिसेंबर २०१४ मध्ये दहशतवादी प्रचार थांबवण्यासाठी ३२ साइट बंद केल्या, त्यांत गिटहब होतं. जगभरचे प्रोग्रॅमर आपलं काम जिथं ठेवतात ती जागा. चारीचं दार पाडणं सोपं असतं आणि सरीपर्यंत चालत जायला कष्ट पडतात, म्हणून हे पुन्हा पुन्हा होतं.

माझ्या धंद्यातलं एक सांगतो. फॉरमॅट मारलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आम्ही व्हीएलसी टाकतो. व्हिडिओ बघायचं ते साधं मोफत सॉफ्टवेअर आहे, फ्रान्समधली एक ना-नफा संस्था ते चालवते. फेब्रुवारी २०२२ पासून त्याची अधिकृत साइट आपल्याकडे उघडेना. एका नेटवर बंद, दुसऱ्यावर चालू. कारण कुणी सांगेना. विद्यानगरच्या एका कॉलेजच्या मुलानं मग शोधून दुसऱ्याच कुठल्या तरी साइटवरून व्हीएलसी उतरवलं. दोन दिवसांत तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. स्क्रीनवर जाहिराती उसळत होत्या, ब्राउझरचं पहिलं पान बदललेलं होतं, आणि ते साफ करता करता त्याचा प्रोजेक्टचा फोल्डर वाचवायला मला रात्रीचे अकरा वाजले. अस्सल दुकान बंद असलं की गिऱ्हाईक नकली दुकानात जातं. त्या संस्थेनं ऑक्टोबरमध्ये कायदेशीर नोटीस पाठवून हुकमाची प्रत मागितली, नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. नऊ महिने गेले.

आता दुसरी बाजू. ती मांडताना माझा आवाज जरा खाली येतो.

तासगावकडचा माझा एक जुना ओळखीचा आहे, द्राक्षवाला. बेदाण्याचे पैसे खात्यावर जमा झाले होते आणि पोरानं ते तीन आठवड्यांत मोबाइलवरच्या पैशाच्या खेळात घालवले. बाप माझ्यासमोर स्टुलावर बसला होता. रडत नव्हता, फक्त मोबाइल उलटा-पालटा करत होता. "दादा, तुम्ही म्हणता बंदी नको. मग माझ्या पोरानं काय करायचं?" तो म्हणाला. त्याच्यापुढं आविष्कार स्वातंत्र्याचं भाषण करायची माझी हिंमत झाली नाही, आणि तशी करूही नये. कर्ज देणाऱ्या चोरट्या अ‍ॅपनी फोटो बदलून नातलगांना पाठवायच्या धमक्या दिल्या, त्यातून लोकांनी जीव दिले. असे धंदे सरकारनं बंद करावेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सट्ट्याची १३८ आणि कर्जाची ९४ अ‍ॅप बंद केली तेव्हा मला बरंच वाटलं होतं.

पण त्या पोरानं मला स्वतः दाखवलं ते असं. बंद झालेल्या साइटच्या नावात शेवटी एक आकडा वाढवला की तीच साइट, तोच रंग, तोच खेळ. नवा पत्ता टेलिग्रामवर येतो. का, ते समजून घ्यायला हवं. आपण साइटचं नाव टाकतो तेव्हा आपली नेट कंपनी एका यादीत बघून त्या नावाचा नंबर शोधते. बंदी म्हणजे बहुतेक वेळा कंपनी त्या यादीतला नंबर खोटा सांगते, किंवा जाणाऱ्या पाकिटावरचं नाव वाचून पाकीट अडवते. नाव बदललं की अडवणारा फसतो. यादी दुसऱ्या कुणाची वापरली तरी फसतो. व्हीपीएन, म्हणजे आपली ये-जा दुसऱ्याच कुणाच्या कॉम्प्युटरवरून फिरवणारं अ‍ॅप, लावलं तर पाकिटावर वेगळंच नाव दिसतं. दहावीतली पोरं हे सगळं करतात. त्यांतले बरेच जण फुकटचं व्हीपीएन टाकतात आणि स्वतःची सगळी ये-जा कुणा अनोळखी माणसाच्या हातात देतात. बंदीचा काच बसतो तो उंब्रजच्या सरांना. ज्याला ती चुकवायचीच आहे तो चुकवतो.

पैशाच्या खेळाला खरा आळा बसतो तो पैशाची वाट अडवल्यावर. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं बँका आणि पेमेंट कंपन्यांना अशा खेळांचे व्यवहार करायलाच मनाई केली, ते मला नुसत्या साइट बंद करण्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं. खातं कुणाचं, पैसे कुठं गेले, दलाल कोण, हे शोधणं म्हणजे पोलिसांचं खरं काम. तासगावच्या त्या बापाला हवं होतं तेही हेच. साइट बंद झाली यानं त्याचं समाधान झालेलं नव्हतं. पैसे ज्या खात्यांवर गेले त्यांचा माग कुणी काढत नव्हतं, ही त्याची तक्रार होती.

आणि पुसेसावळी. हे लिहिल्याशिवाय साताऱ्याच्या माणसानं या विषयावर बोलू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून खटाव तालुक्यातल्या या गावात दंगल पेटली आणि एक तरुण मारला गेला. प्रशासनानं जिल्ह्याचं इंटरनेट बंद केलं. त्या रात्री नेट तोडणं चूक होतं, असं मी म्हणणार नाही. आग लागलेली असताना वारा थांबवता आला तर थांबवावा. पण त्यानंतरच्या दिवसांत माझ्या दुकानात काय चाललं होतं ते मी पाहिलं आहे. पाटण खोऱ्यातून एक आजोबा एसटीनं सातबारा काढायला आले, रिकाम्या हातानं परत गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा परत गेले. समोरच्या वडेवाल्याचे पैसे अडकले. आणि अफवा? त्या एसटीनं फिरत होत्या, पारावर फिरत होत्या, फोनवर फिरत होत्या. "तिकडं अमुक झालं म्हणे", आणि ते खोटं आहे हे दाखवायला कुणाच्या हातात बातमी नव्हती. खोटं पसरायला नेट लागतंच असं नाही, पण खोडून काढायला तेव्हा तेच हाताशी हवं होतं.

इथं एक गोष्ट नोंदवतो. काश्मीरमधल्या नेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये सांगितलं की इंटरनेट बंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही. म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचं नेट तोडलं तर हुकूम जाहीर करायचा, आणि एका माणसाची वेबसाइट तोडली तर तो लपवायचा. दंगलीच्या धगीतही जो उघडेपणा झेपतो, तो एरवी का झेपत नाही?

हे प्रमाण किती वाढलं आहे ते सरकारनंच संसदेत सांगितलं आहे. कलम ६९अ खाली २०१४ मध्ये ४७१ पत्ते बंद झाले होते. २०२० मध्ये ९,८४९. त्यांतले किती सट्ट्याचे, किती दहशतवादाचे, किती कुणाच्या व्यंगचित्राचे, हे तुम्हाला-मला तपासता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तमिळमधल्या विकटन या जुन्या प्रकाशनाची साइट पंतप्रधानांच्या एका व्यंगचित्रानंतर बंद झाली. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ते एक पान काढायला लावून बाकी साइट खुली करायला सांगितलं. पुन्हा तेच: सरीसाठी चारी. आता तर ६९अ ची पायरीही टाळून, लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या कलम ७९ च्या आधारे 'सहयोग' नावाच्या सरकारी पोर्टलवरून कंपन्यांना मजकूर काढायच्या सूचना जातात. त्याविरुद्धची एक्स कंपनीची याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं फेटाळली. कंपनीचं काय व्हायचं ते होवो. ज्यानं तो मजकूर लिहिला, ज्याला तो वाचायचा होता, त्या दोघांना या सगळ्यात कुणी पक्षकारच मानत नाही, याची मला काळजी आहे.

काय हवं ते फार मोठं नाही. बंद झालेल्या पत्त्यावर गेलं की पान उघडावं आणि त्यावर हुकमाचा क्रमांक, तारीख, कलम, दोन ओळींचं कारण, हुकूम देणारं कार्यालय आणि दाद कुठं मागायची ते लिहिलेलं असावं. इंग्रजीबरोबर मराठीतही असावं. तांत्रिक कारणानं तिथं दाखवता येत नसेल तर दूरसंचार विभागाच्या वेबसाइटवर शोधता येईल अशी यादी असावी. बालशोषणाचे किंवा खरोखरच्या लष्करी गुपिताचे पत्ते तिथं देऊ नयेत, त्यांची संख्या तेवढी द्यावी. नियमांप्रमाणे आढावा समितीनं दर दोन महिन्यांनी बसायचं असतं. ती बसली का, तिनं किती बंद्या उठवल्या, तेही छापावं. सोळावा नियम बदलायला संसदेत नवं विधेयक आणावं लागत नाही. नियम सरकारनं केलेले आहेत, सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ते बदलू शकतं.

हेच सगळं मी आमच्या खासदारांना मराठीत लिहून रजिस्टर पोस्टानं पाठवलं आहे. सोबत त्या पांढऱ्या पानाची प्रिंट जोडली आहे आणि सरांचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला आहे: हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण, कुठं बसतात? त्यांनी तो संसदेत विचारावा. सांगलीच्या वाचकांनी त्यांच्या खासदारांना लिहावं. मजकूर लागला तर माझ्याकडे तयार आहे, दुकानात या, प्रिंटचे पैसे घेणार नाही.